पारशिवनीवालीचं कार्ड

२३ जून १९८६

ही वही औषधाच्या कंपनीच्या माणसानं दवाखान्यात फुकट दिलेली, मागच्या वर्षाची. तारखा बरोबर, वार सगळे चुकीचे. प्रत्येक पानाखाली बाळांच्या पोटदुखीची जाहिरात आहे. चालते. पहिल्या पानावर ‘नाव’ छापलं आहे, ते कोरंच सोडलं.

आजपासून शेवटचं वर्ष. व्यवसाय संगणक व्यवस्थापनाची पदवी, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, कॉलेजची ही पहिलीच तुकडी. एकवीस पोरंपोरी आणि पस्तीस वर्षांची मी. सगळे मला काकू म्हणतात. पहिल्या दिवशी राग आला होता, आता त्या विश्वनाथला, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला, काकू म्हणूनच कान धरता येतो.

कृष्णकांत सरांनी सांगितलं, यंदा प्रत्येकानं खऱ्या जागी खरं काम करायचं. एखाद्या दुकानाचं, कारखान्याचं, कार्यालयाचं काम संगणकावर आणून दाखवायचं. प्रकल्पात नापास तो वर्षात नापास, बाकीचे पेपर कितीही भरलेले असोत.

एकोणिसाव्या वर्षी बी.कॉम. अर्धं टाकून बोहल्यावर चढले. तेव्हा बाबा म्हणाले होते, डिग्री काय, पुढे होईल. तो ‘पुढे’ सोळा वर्षांनी आला आहे. पुन्हा येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. यंदा नाही तर कधीच नाही.

२५ जून

जागा ठरली. आमचंच सूतिकागृह, जिथं मी नऊ वर्षं कारकून आहे. डॉक्टर सुमतीबाईंना एका दात्यानं संगणक दिलेला आहे, तो सात महिने भरतकामाच्या चादरीखाली झाकून ठेवलाय. कोणी बटण दाबायला धजत नाही. मी बाईंना म्हटलं, बाळंतिणींची सगळी कार्डं यात घालते, बाई दारात आली की तिचं जुनं कार्ड मिनिटात समोर. त्या म्हणाल्या, “घाल. पण एकही कार्ड हरवलं तर मी देवाजीचं ऐकीन.”

देवाजी म्हणजे आमचे कार्डघराचे मालक. पगारानं शिपाई, रुबाबानं कलेक्टर. चोवीस वर्षांची कार्डं त्यांच्या लाकडी खणांत आहेत आणि कोणतं कुठं हे फक्त त्यांच्या डोक्यात. मी सांगितलं तर म्हणे, “मशीनले बाळंतपण समजते का, बाई?”

१ जुलै

संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं. कॉलेजातही तोच नियम, धूळ नको म्हणून. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मंग देवच हाय तो.” त्यानंतर मला शिकायला जाते म्हणून टोमणा मारणं त्यांनी कमी केलं. देवळात जाणाऱ्या बाईला कोण अडवते!

वर्ग सुटल्यावर हे कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर उभे दिसले. म्हटलं, इकडे कुठं? “पान खायले आलतो.” कोराडीच्या वीजकेंद्रातली ड्युटी करून घरी यायचं सोडून पाच मैल लांब पानाला! मग एकाच सायकलरिक्षानं घरी आलो. ह्या माणसाला माझ्या शिक्षणाशी काही घेणं नाही. कधी विचारलं नाही, आज काय शिकवलं.

१९ ऑगस्ट

रोज दुपारी तपासणीची गर्दी ओसरली की मी टंकायला बसते. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, रक्तगट, बाळंतपण साधं की ऑपरेशन. सन सत्तरच्या पुढची एकवीसशे चाळीस कार्डं घ्यायची ठरवली. आज साडेनऊशे झाली.

देवाजी एकेक कार्ड सावकाराच्या तिजोरीतून काढून द्यावं तसं देतात आणि मोजून परत घेतात.

ह्यांच्या शर्टाच्या खिशात तीन सुकलेले विडे निघाले. धुताना कात लागून खिसा लाल झाला. खायचं नाही तर घेता कशाला? विचारलं तर म्हणे, “राहून गेलं.” रोज राहून जाते वाटते! पानाचं व्यसन ऐकलं होतं, पान विकत घेण्याचं पहिल्यांदाच पाहून राहिले.

४ ऑक्टोबर

झाली! एकवीसशे चाळीस! नाव टंकलं की बाई पडद्यावर हजर. सर पाहून गेले. म्हणाले, “फ्लॉपीची दुसरी प्रत काढली ना?” मी म्हटलं, हो सर. काढली नव्हती. हे फक्त इथं लिहिते आहे.

१४ ऑक्टोबर

मेले मी.

दसऱ्याची दवाखान्यात पूजा असते. वजनकाटा, चिमटे, रजिस्टरं, सगळ्यांना हळद-कुंकू. यंदा देवाजींनी संगणकाचीही केली. झेंडूचा हार घातला, ते ठीक. पण माझी फ्लॉपी पाकिटातून काढून चौरंगावर ठेवली आणि तिच्या मधल्या उघड्या खिडकीत, जिथं आतली चकती दिसते, बरोबर तिथं ओल्या कुंकवाचा टिळा लावला. वर अक्षता. आज मी ती मशीनमध्ये घातली. घरघर झाली आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही. दहा वेळा घातली. दहा वेळा तेच.

तीन महिन्यांचं काम. मी बाहेर जाऊन ओरडले, “काहून हात लावला तुम्ही? कोणी सांगितलं होतं?” देवाजी म्हणाले, “बाई, सगळं तिच्यातच हाय म्हणे तुम्ही. मंग मान तिचाच ना.” मी जे बोलू नये ते बोलले. म्हातारं माणूस खाली मान घालून ऐकत उभं राहिलं. बाळंतिणी खाटांवरून पाहत होत्या.

दुसरी प्रत नव्हती हा दोष माझा, हे मला ठाऊक आहे. तरीही ओरडले.

१५ ऑक्टोबर

सरांना खोटं कबूल केलं. ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, एप्रिलच्या आधी पुन्हा होत असेल तर करा, नाहीतर नाव काढून घ्या, नापासाचा शिक्का तरी लागणार नाही.

ठेल्यावर हे होतेच. रिक्षात बसल्यावर रडू आलं. हे म्हणाले, “किती कार्डं?” सांगितलं. “रोज किती होतात?” आता हात बसलाय, ऐंशी होतील. बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “सत्तावीस दिवस. एवढ्यासाठी रडते का वं?” मला इतका संताप आला की उतरून पायी जावंसं वाटलं. ह्यांना काय जाते बोलायला!

१७ ऑक्टोबर

दुपारी मशीनसमोर नुसती बसले होते. देवाजी आले, दाराशी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि पहिला खण मांडीवर घेतला. “मी वाचतो, तुम्ही छापा.” मी माफी मागितली नाही, पण मला यायचा चहा त्यांच्यापुढं सरकवला. दोन फ्लॉप्या आणल्या आहेत. दोन्ही माझ्या पर्समध्ये राहतात.

३ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते.

देवाजी वाचत होते. “प्रेमिला नामदेव, राहणार इतवारी, दुसरं बाळंतपण, ऑपरेशन.” मग थांबून म्हणाले, “हिचं पहिलंही इथंच झालतं. ते वरच्या खणात.” मी शोधलं, मशीनमध्ये प्रेमिला नामदेव एकच. म्हटलं, नाही जी, नाही आहे. त्यांनी उठून सरळ कार्ड काढून दिलं. नाव, ‘सखू’. पत्ता उमरेडचा.

“ही सखू कोण?”

“हेच. पहिलं बाळंतपण माहेरचं नाही का, बाई? माय घेऊन आली, मायनं सांगतलं सखू. दुसऱ्याले सासरच्यांनी आणली, त्यांनी सांगतलं प्रेमिला. लग्नात नाव बदलवलं ना.”

बाप्पा! काखेत कळसा आणि गावाला वळसा! लग्नात नाव बदललेली बाई मी स्वतः, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये? मी तीन महिने खपून एका बाईच्या दोन बाया करून ठेवल्या होत्या. पहिल्या वेळी ऑपरेशन झालेली सखू एकीकडे, त्या ऑपरेशनची नोंदच नसलेली प्रेमिला दुसरीकडे. तशीच फ्लॉपी घेऊन परीक्षेला गेले असते आणि शाबासकीही घेऊन आले असते. आणि डॉक्टरबाई मशीनवर विश्वास ठेवून बसल्या असत्या.

“अशा किती असतील?” देवाजी म्हणाले, “तिनातली एक.”

“मग तुम्ही कशा ओळखता?”

“मायच्या नावानं. बाईचं नाव बदलते, गाव बदलते. माय थोडीच बदलते?”

मी खुर्चीतून उठून त्यांच्या पाया पडले. ते घाबरून उठले, मांडीवरचा खण पडला, सगळी कार्डं जमिनीवर. दोघंही हसत हसत वेचत बसलो.

कुंकवाचा तो टिळा वाया गेला नाही. पण हे देवाजींना सांगणार नाही, नाहीतर पुढच्या दसऱ्याला पुन्हा लावतील.

४ नोव्हेंबर

रचना मोडली. आता प्रत्येक कार्डावर माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि आईचं नाव. आईचं नाव जुन्या कार्डावर मागे लिहिलेलं असतेच, सोबत आलेली बाई म्हणून. जिथं नाही तिथं देवाजी सांगतात. सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. विश्वनाथ म्हणाला, “काकू, वेड्या झाल्या का?” मी म्हटलं, हो.

२८ नोव्हेंबर

आज सन चौऱ्याहत्तरचा खण. देवाजींनी वाचलं, “गोपिका. माहेर पारशिवनी. मायचं नाव गंगूबाई. मुलगी, साडेसहा पौंड.”

माझा हात थांबला. पहिल्या खेपेला हे कार्ड मी न बघताच टंकलं असणार, आईचं नाव तेव्हा वाचलंच नव्हतं.

देवाजी आपल्याच नादात म्हणाले, “हे पारशिवनीवाली पुन्हा आलीच नाही. पहिल्याच बाळंतपणाले आली, माय लई बोलकी होती, साऱ्या वॉर्डात सांगे, माही गोपी कॉलेजात होती. कुठं गेली असल बिचारी?”

मी म्हटलं, “पुढचं वाचा.”

आई जाऊन आठ वर्षं झाली. तिच्यानंतर मला गोपी म्हणणारं कोणी उरलं नाही. माझी शामला साडेसहा पौंडांची होती, हे मी विसरले होते.

११ जानेवारी १९८७

कॉलेजच्या कारकुनानं एक झंझट काढली. माझी मॅट्रिकची सनद ‘गोपिका रामाजी भोयर’ आणि नोकरीची कागदपत्रं ‘चारुशीला मनोहर ढोबळे’. पदवीवर चारुशीला हवं तर शपथपत्र द्या, नाहीतर जुनंच नाव येईल. नोकरीसाठी चारुशीलाच हवं, म्हणून शपथपत्र करून घेतलं. त्यात वाक्य आहे, ‘यापुढे मी गोपिका या नावाने ओळखली जाणार नाही.’ सही केली. रात्री जेवण गेलं नाही. उगाच.

हे म्हणाले, मंगळवारी सुट्टी आहे, मी देऊन येतो. कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग विचारलं, “गोपिका म्हणून कोणी हाक मारते का आता?” मी म्हटलं, कोण मारणार, आई गेली. तुम्हाला तर ‘अवं’च्या पुढं येत नाही.

२० जानेवारी

कागद दिला का विचारलं. “झालं तुह्यं काम.” चला, एक काळजी मिटली. प्रवेशपत्र मात्र जुन्याच नावाचं येणार, ती यादी आधीच गेली म्हणे.

९ एप्रिल

आज प्रकल्पाची परीक्षा. बाहेरचे परीक्षक, जाड चष्मा, कपाळाला आठी. दवाखान्यातच आले. सर सोबत. पाहून म्हणाले, “प्रत्येक बाईला क्रमांक दिला की झालं. हे माहेर, आई, कशाला? संगणकाला नात्यागोत्याशी काय देणंघेणं?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात गलका. एक बाई कळा देत आलेली, सोबत सासू. डॉक्टर सुमतीबाई धावत आल्या. मागचं कार्ड कुठे? सासू म्हणे, “कार्ड-बिर्ड हरवलं. पहिलं माहेरी झालं, आमाले ठाव नाही. पोटावर टाके हायेत.” बाईंना कळायला हवं होतं, आतला छेद उभा होता की आडवा, वरच्या टाक्यांवरून ते कळत नाही. त्यावरच सगळं ठरणार. आणि देवाजी नेमके आज गावी, भाचीच्या लग्नाला.

नाव? “शामकला धोंडबा.” टंकलं. काही नाही. परीक्षक माझ्या खांद्यावरून पाहत होते.

मी खुर्ची सोडून त्या पोरीजवळ गेले. “माहेर कोणतं वं तुझं?” ती दातओठ खाऊन म्हणाली, “उमरेड.” “मायचं नाव?” “सरस्वता.” धावत आले. उमरेड, सरस्वता. पडद्यावर दोन ओळी. एकीचं वय पन्नास. दुसरी, ‘बेबी कवडू, सन एकोणऐंशी, ऑपरेशन, आडवा छेद, खण अकरा, कार्ड दोनशे सहा.’

मी तिथूनच हाक मारली, “बेबी! तूच का वं?” आणि त्या कळांमध्येही त्या पोरीचा चेहरा उजळला. “हाव! मीच!”

खण अकरा उघडला, कार्ड काढून डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. सरांनी घड्याळ पाहिलं होतं. म्हणाले, दोन मिनिटं दहा सेकंद, त्यातलं दीड मिनिट तुमच्या धावण्याचं.

तासाभरानं मुलगा झाला. दोघंही सुखरूप. परीक्षक तोवर थांबले होते. चष्मा पुसत म्हणाले, “बाई, माझ्या बायकोचंही नाव मी बदललंय. आधीचं काय होतं, आज घरी जाऊन विचारतो.” आठी गेली होती.

ठेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, रस्त्यात हातवारे करकरून. ऐकत होते. विडा हातात तसाच. ठेलेवाला हसत होता, का ते कळलं नाही.

१८ जून

पास! पहिला वर्ग! बावीस जणांत दुसरी, विश्वनाथच्या मागे फक्त सहा गुण. प्रकल्पात त्याच्यापेक्षा माझे जास्त. तो म्हणाला, “काकू, तुम्ही प्रोजेक्ट नाही केला, तुम्ही नाती जोडली.” मी म्हटलं, कान दे इकडे.

डॉक्टरबाईंनी मला नोंद विभागाची प्रमुख केलं. विभागात माणसं दोन, मी आणि देवाजी. सासूबाईंनी आमरस-कुरडई केली आणि शेजारी सांगत सुटल्या, “माही सून मशीनची मास्तरीण झाली.” आणि हे? दोन वाट्या रस जास्त प्यायले, बस.

१६ नोव्हेंबर

पदवीचा अर्ज ह्यांनीच भरला. फुली होती तिथं मी सही केली. वाचायला वेळ कुठे, तेराशे कार्डं अजून बाकी आहेत. जुनी, सत्तरच्या आधीची. आता सगळीच घेणार.

२४ जानेवारी १९८८

कॉलेजचा पदवीदान समारंभ काल झाला. काळा झगा उंचीला मोठा, पायात अडकत होता. मागे हे, सासूबाई, शामला आणि नवा सदरा घालून देवाजी.

एकेक नाव पुकारत होते. मी ‘चारुशीला’ची वाट पाहत बसले होते. प्राचार्य म्हणाले, “गोपिका रामाजी भोयर.” कोणी उठलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, ही कोण बाई? पुन्हा पुकारलं, “गोपिका रामाजी भोयर! आहेत का?” प्राचार्यांनी कागद बाजूला ठेवायला हात उचलला.

आणि मागून आवाज आला, अख्ख्या सभागृहात घुमला, “गोपिका! ऊठ ना वं, तुलेच बोलावून राहिले!”

सतरा वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारलेली नाही. मी वळून पाहिलं. हे उभे होते, दोन्ही हात वर, लोक वळून पाहत होते, ह्यांना पर्वाच नाही. सासूबाई म्हणत होत्या, “जा वं पोरी, जा.” झगा उचलून धावतच गेले मंचावर. टाळ्या इतक्या वाजल्या की प्राचार्यही हसले. मी रडले. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

बाहेर आल्यावर धरलं ह्यांना. “शपथपत्र?” पाकिटातून काढलं. घड्या पडून फाटायला आलेलं. वर्षभर खिशातच होतं.

“काहून नाही दिलं?”

खाली पाहून म्हणाले, “लग्नात तुह्या मायनं मले सांगतलं होतं, माही गोपी शिकत होती, जमलं तर पुरं करा. चारुशीला तं आम्ही ठेवलेलं नाव. तिच्या नावाची डिग्री मी गंगूबाईले कशी दाखवली असती?” मग घाईघाईनं म्हणाले, “नोकरीले त्रास नाही होत. कारकुनाले इचारलं म्या. लग्नाचा कागद जोडला की झालं.”

जे माणूस विचारत नाही, काय शिकली म्हणून, त्याला सगळं ठाऊक होतं.

तेवढ्यात देवाजी आले. पदवीचा कागद हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. “गोपिका. पारशिवनीवाली?” माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. “मायचं नाव गंगूबाई. सन चौऱ्याहत्तरचा खण. मी म्हणतच होतो, कुठं गेली असल ते!”

“इथंच होते, देवाजीभाऊ,” मी म्हटलं. “तुमच्या शेजारच्या टेबलावर.”

रिक्षा करायला ठेल्यापाशी आलो. ठेलेवाल्यानं ह्यांच्यापुढं विडा धरला. “अख्खं वर्ष रोज घेत होते साहेब, आज तरी खाऊन पाहा. आज बाईंची वाट पाहायची नाही ना.”

ह्यांनी खाल्ला. सुपारी सोसत नाही, घरापर्यंत खोकत होते.

आज सकाळी पुन्हा ‘अवं’ सुरू झालं. हे सगळं एक दिवस उशिरा लिहून पुरं करते आहे. वहीत पानं संपली. पहिल्या पानावर ‘नाव’ कोरं होतं, तिथं दोन्ही लिहिली. मागे, जुन्या कार्डांवर असते तसं, आईचंही लिहिलं.